गॉडफादरचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का? आहे, पण कारण वेगळं आहे

तुझा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू म्हणतोस की पहिला 'गॉडफादर' एका बैठकीत बघितला, भल्ला आवडला, मग सगळे सांगून राहिले की दुसरा त्याहून भारी आहे म्हणून पुढच्याच रात्री पार्ट टू लावला, तर दीड तासात डोळे मिटायला लागले. मधेच बापाची गोष्ट, मधेच मुलाची, कोण कोणाला काहून मारून राहिला ते कळेना. तर लोक उगाच डोक्यावर घेऊन राहिले का, की खरंच तो पहिल्याच्या तोडीचा आहे?

तोडीचा आहे. एका बाबतीत तर मी त्याला पहिल्याच्या पुढे ठेवतो, ती बाब पुढे सांगतो. पण तुला झोप आली त्यात तुझी काही चूक झाली असं समजू नको. पहिल्याची चव तोंडात असताना दुसरा लावला की बहुतेकांचं हेच होतं, माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं. आणि हो, खाली दोन्ही सिनेमांचे शेवट येतील, तू पार्ट टू अर्धवट सोडला असशील तर आधी पूर्ण बघ आणि मग वाच.

मी एडिटर आहे, 1996 पासून हेच काम करून राहिलो. सुरुवात लग्नाच्या कॅसेटींची. नागपूरच्या इतवारीत एका माडीवरच्या खोलीत दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून मिक्सिंग करायचो, मे महिन्यात कूलरचं पाणी संपलं की मशीन तापून टेप अडकायची. मग केबलच्या बातम्या, मग डॉक्युमेंटरी, आणि आता काही वर्षं पोरांना एडिटिंग शिकवतो. लग्नांचा हिशोब ठेवला नाही पण शेकडो लग्नं कापली असतील. हे सांगायचं कारण असं की गॉडफादर मला सिनेमाच्या पुस्तकातून कळला नाही, लग्नाच्या फुटेजमधून कळला.

पहिला सिनेमा लग्नाने सुरू होतो ना. 1945 सालचं, माफिया डॉन व्हिटोच्या मुलीचं, कॉनीचं लग्न, पाऊण तासाच्या आत पण चांगलं लांबलचक. आता त्यात काय काय आहे ते बघ. आत अंधाऱ्या खोलीत डॉन व्हिटो लोकांची गाऱ्हाणी ऐकून राहिला आणि बाहेर उन्हात माणसं खाऊन राहिली, नाचून राहिली. व्हिटोचा जुना साथीदार, जाडा क्लेमेंझा नाचून घामाघूम झालाय आणि वाईनचा जग मागतोय. घरातली म्हातारी माणसं स्वतः गाणं म्हणून राहिली, म्हणजे गाण्यासाठी भाड्याचं कोणी आणलंय असं वाटतच नाही. आणि एक छोटीशी गोष्ट जी मी प्रत्येक बॅचला दाखवतो: फोटोग्राफर घरच्यांना ओळीत उभं करतो, सगळे तयार, आणि व्हिटो म्हणतो धाकटा मुलगा मायकल आला नाही, मायकलशिवाय फोटो निघणार नाही. फोटो थांबतो. लग्नाचं मिक्सिंग केलेल्या कोणालाही विचार, ज्या घरात एका पोरासाठी फोटो थांबतो ते घर कसं असतं हे त्याला माहीत असतं.

आता पार्ट टूची सुरुवात बघ, म्हणजे सिसिलीचा भाग झाल्यावरची. 1958, लेक टाहोच्या काठावर मायकलचा बंगला, त्याच्या पोराची, अँथनीची, फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमधला एक विधी. पुन्हा पार्टी, पुन्हा आत खोलीत सौदे आणि बाहेर बँड. डायरेक्टर कोपोलाने मुद्दाम तोच साचा घेतलाय पण आतलं सगळं सामान बदललंय. बाहेर जो बँड आहे त्याला इटालियन गाणंच येत नाही. घराण्याचा जुना माणूस, म्हातारा फ्रँक पेंटांजेली, स्टेजवर चढून त्यांच्याकडून टारांटेला, म्हणजे इटालियन नाचाची धून, वाजवून घ्यायचा प्रयत्न करतो, अरे एवढ्या लोकांत एकही इटालियन नाही का, आणि ते वाजवतात काय तर एक इंग्रजी बालगीत. इथेही फोटो निघतो, पण कोणाचा? सेनेटर गियरीचा, मायकलने दिलेल्या देणगीसोबत, बायकोला शेजारी उभं करून. आणि तोच सेनेटर दहा मिनिटांनी आतल्या खोलीत मायकलच्या तोंडावर त्याच्या जातकुळीला शिव्या घालतो.

मला हा सीन पहिल्यांदा खरा कळला तो 2009-10 च्या सुमारास, वर्धा रोडवरच्या एका लॉनवरचं लग्न कापताना. तोपर्यंत नागपुरात लग्नं अंगणातून आणि मंगल कार्यालयातून लॉनवर गेली होती. फुटेजमध्ये एक आजी होती, नवऱ्या मुलीची आजी असावी, ती स्टेजच्या बाजूला डीजेवाल्याकडे गेली आणि त्याला काहीतरी सांगून राहिली, हाताने ताल धरून दाखवून राहिली, बहुतेक पूर्वी लग्नात म्हणायच्या त्या गाण्यापैकी काही असेल. तो पोरगा मान हलवून राहिला की आजी हे माझ्याकडे नाही. मग आजी परत जाऊन खुर्चीवर बसली. अख्ख्या फुटेजमध्ये चौदा-पंधरा सेकंदांचा शॉट. कॅमेरामनने चुकून घेतला असेल. मी टाइमलाइनवर तो पुन्हा पुन्हा बघितला आणि मला एकदम पेंटांजेली आठवला. पैसा आला, जागा मोठी झाली, जेवणाचे काउंटर वाढले, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला हवं ते गाणं वाजवणारं कोणी उरलं नाही. पार्ट टू पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत नेमकं हेच सांगून जातो आणि कोणाच्या तोंडी एक वाक्यही घालत नाही. पार्टीचा सीन स्लो वाटतो म्हणतोस तर तो पहिल्यातल्या लग्नाशेजारी ठेवून बघ, मग स्लो वाटणार नाही.

आता मुख्य मुद्दा, बाप आणि मुलगा मधे मधे येण्याचा.

थोडी माहिती आधी. पहिला सिनेमा 1972 चा, मारिओ पुझोच्या 1969 च्या कादंबरीवरून. त्या कादंबरीत व्हिटोच्या तरुणपणाचा एक मोठा भाग आहे जो पहिल्या सिनेमात घेतलाच नव्हता. 1974 मध्ये पार्ट टू आला त्यात तरुण व्हिटो करणाऱ्या डी निरोचा जो भाग आहे तो त्या उरलेल्या भागातून आलाय, आणि मायकलचा टाहो-मायामी-हवानाचा भाग कोपोला आणि पुझो यांनी नव्याने लिहिला. कोपोलाला खरं तर सीक्वल डायरेक्ट करायचाच नव्हता, त्याने स्टुडिओला मार्टिन स्कॉर्सेसीचं नाव सुचवलं होतं, स्टुडिओने ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात मात्र एक कल्पना आधीपासून होती, एकाच वयाच्या टप्प्यावरचे बाप आणि मुलगा शेजारी शेजारी दाखवायची. म्हणजे मधे मधे येणारी बापाची गोष्ट हा फ्लॅशबॅक नाही रे, कोणाला काही आठवून नाही राहिलं तिथे. दोन सिनेमे एकमेकांत विणलेत.

आणि ते विणकाम सोपं नव्हतं. सुरुवातीच्या कटमध्ये ये-जा फार जास्त होती, थोडा वेळ बाप थोडा वेळ मुलगा, प्रिव्ह्यूला लोक गोंधळले, नुसते कुठे रमायला लागले की उचलून दुसरीकडे नेल्यासारखं होत होतं. मग एडिटरांनी, पीटर झिनर, बॅरी माल्किन आणि रिचर्ड मार्क्स हे तिघं होते, तुकडे जोडून जोडून लांब केले, ये-जा कमी केली. आज आपण बघतो त्यात व्हिटो येतो तो चांगला पंधरा-वीस मिनिटं राहतो. तुला जो गोंधळ वाटला तो त्या वेळच्या प्रेक्षकालाही वाटला होता, आणि त्याच्यावर काम करूनच हा आकार आलाय.

आता एकच जोड, म्हणजे एक दृश्य संपून दुसरं लागतं ती जागा, जवळून बघू, कारण माझं अख्खं उत्तर त्या एका जोडावर उभं आहे.

हवानाहून मायकल परत आलाय. नवीन वर्षाच्या रात्री त्याला कळलंय की आपल्याला मारायला निघालेल्यांना आतून मदत करणारा आपलाच सख्खा भाऊ फ्रेडो. म्हणजे तो सीन आठव, फ्रेडो नशेत बोलून जातो की ही जागा मला जॉनी ओलाने, म्हणजे मायकलच्या शत्रूच्या, हायमन रॉथच्या माणसाने दाखवली, आणि काही वेळापूर्वीच त्याने सांगितलेलं असतं की मी जॉनी ओलाला ओळखतही नाही. मायकल करणाऱ्या पचिनोचा चेहरा तिथे बघ, काहीही करत नाही तो, फक्त डोळ्यातलं काहीतरी विझतं. बरं, तर तो परत आलाय आणि घरचा वकील टॉम हेगन त्याला सांगतो की त्याच्या बायकोचं, केचं मूल पडलं. मायकल विचारतो, मुलगा होता का? टॉम टाळाटाळ करतो. मायकल चिडतो, सरळ उत्तर देता येत नाही का तुला, मुलगा होता का? टॉम म्हणतो मला खरंच माहीत नाही.

आणि तिथून सिनेमा जातो न्यूयॉर्कला, चाळीसेक वर्षं मागे. एक तान्हं बाळ तापाने रडून राहिलंय, न्यूमोनिया झालाय, बायका त्याच्यावर घरगुती उपचार करून राहिल्या, आणि व्हिटो एका बाजूला उभा राहून बघून राहिला, हात बांधून, काही करता येत नाही म्हणून चेहरा पडलेला. ते बाळ कोण? फ्रेडो.

बस, एवढंच. एकही शब्द नाही. एका बाजूला मुलगा गमावलेला बाप ज्याने आत्ताच भावाला मनातून काढून टाकलं, दुसऱ्या बाजूला त्याच भावाच्या श्वासासाठी जीव टांगणीला लागलेला त्यांचा बाप. पहिल्या सिनेमात असा जोड नाही. असूच शकत नव्हता, कारण असा जोड करायला आधी एक अख्खा सिनेमा प्रेक्षकाच्या पोटात असावा लागतो. मी ज्या बाबतीत दुसऱ्याला पुढे ठेवतो ती हीच.

पहिल्यात क्रॉसकटिंग, म्हणजे दोन ठिकाणची दृश्यं आलटून पालटून दाखवणं, नाही असं नाही, बाप्तिस्म्याचा सीन तर जगभर शिकवला जातो. चर्चमध्ये मायकल बाळाचा गॉडफादर होऊन राहिला, सैतानाचा त्याग करतो का या प्रश्नाला हो म्हणून राहिला, ऑर्गन वाजतोय, आणि तिकडे एकामागून एक माणसं मारली जाऊन राहिली. जबरदस्त आहे, त्याच्याबद्दल वाद नाही (ते बाळ म्हणजे कोपोलाची स्वतःची मुलगी सोफिया, जी पुढे स्वतः डायरेक्टर झाली). पण तिथे जे पाच-सहा मिनिटांत केलंय तेच पार्ट टूमध्ये 3 तास 20 मिनिटांच्या अख्ख्या सिनेमाला केलंय. तिथे चर्च आणि खून एकाच सकाळी घडतात. इथे दोन पिढ्या एकमेकींवर कापल्यात. पहिल्या सिनेमाला एडिटिंगचं ऑस्कर नॉमिनेशन होतं, दुसऱ्याला एकूण 11 नॉमिनेशन मिळाली पण त्यात एडिटिंग नव्हतं. मला याचं आजही वाईट वाटतं. बेस्ट पिक्चर, डायरेक्टर, डी निरो, पटकथा, कलादिग्दर्शन आणि संगीत अशी सहा मिळाली, बेस्ट पिक्चर मिळवणारा तो पहिला सीक्वल, तरी ज्या कामावर हा सिनेमा उभा आहे त्याचं नाव यादीत नाही. छायाचित्रण करणाऱ्या गॉर्डन विलिसला तर दोन्ही सिनेमांसाठी साधं नॉमिनेशनही नाही. व्हिटोच्या भागातला तो मधासारखा पिवळसर उजेड आणि टाहोचा तो गारठलेला निळा-तपकिरी अंधार ही त्याची करामत, आवाज बंद करून कुठूनही लाव, बापाच्या काळात आहेस की मुलाच्या ते एका फ्रेममध्ये कळतं.

जोडांचं महत्त्व पटत नसेल तर अजून एक पुरावा आहे. 1977 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर दोन्ही सिनेमे काळाच्या क्रमाने लावून दाखवले होते, आधी व्हिटोचं बालपण आणि तरुणपण, मग पहिला सिनेमा, मग मायकलचा टाहोचा भाग. बॅरी माल्किननेच तो कट केला होता. मी हे माझ्या वर्गात पोरांकडून करवून घेतलं, पार्ट टूमधला व्हिटोचा साधारण तासाभराचा भाग वेगळा काढा आणि सलग लावा, मायकलचा वेगळा सलग लावा. दोन रविवार गेले. व्हिटोचा भाग सलग बघितल्यावर पोरं म्हणाली, सर हा तर गरीब पोरगा मोठा होतो त्याची गोष्ट झाली, छान आहे, गोड आहे. आणि मायकलचा भाग सलग बघताना दोघं-तिघं मोबाइल काढून बसले, कारण तो नुसता बंद खोल्यांमधला व्यवहार वाटायला लागला. तीच दृश्यं, तेच नट, एक फ्रेम कमी नाही. एका पोरीने विचारलं, मग सर ते दुःख गेलं कुठे? मी म्हटलं मघाशी जिथे कट होता तिथे होतं.

आता पहिला कुठे पुढे आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण पार्ट टू आवडणारे लोक हे बोलायला बघत नाहीत. गोष्ट सांगण्यात पहिला कितीतरी घट्ट आहे. 175 मिनिटांचा सिनेमा आहे पण कुठेही तुला थांबून विचारावं लागत नाही की हा आता कुठे चालला, कशासाठी चालला. रेस्टॉरंटचा सीन घे, मायकल बाथरूममधून पिस्तूल घेऊन येतो, बसतो, समोरचा बोलून राहिला पण आपल्याला ऐकू येऊन राहिली ती वरून जाणाऱ्या रेल्वेची घरघर, वाढत वाढत जाते, आणि मग गोळी. एवढा साधा, एवढा चोख सीन पार्ट टूमध्ये एकच आहे, गल्लीतल्या खंडणीखोर फानुचीचा खून, खाली उत्सवाची मिरवणूक चाललीये आणि व्हिटो गच्च्यांवरून त्याच्या सोबतीने चालून राहिला. पिस्तुलाला गुंडाळलेलं फडकं पेट घेतं तो शॉट आठवतो का? तो बघ पुन्हा.

पण हायमन रॉथचं प्रकरण खरंच गुंतागुंतीचं आहे. मायकलच्या बेडरूमवर गोळीबार करणाऱ्यांना कंपाउंडच्या आत कोणी संपवलं, फ्रेडोने नेमकं काय सांगितलं होतं, पेंटांजेलीचा गळा आवळताना मायकलचं नाव का घेतलं गेलं, यातलं बरंचसं सिनेमा आपल्यावर सोडून देतो. मी दहा-बारा वेळा बघून काही धागे जुळवले, काही अजूनही सैल आहेत. क्लेमेंझा करणारा नट दुसऱ्या भागासाठी आला नाही, त्याच्या जागी पेंटांजेली हे नवीन पात्र आणलं, आणि मला वाटतं त्याचाही परिणाम झालाय, कारण क्लेमेंझाने मायकलच्या विरोधात साक्ष द्यायला उभं राहणं काळजाला जेवढं लागलं असतं तेवढं या नव्या म्हाताऱ्याचं लागत नाही, ते करणाऱ्या मायकल गॅझोने कितीही जीव ओतून काम केलं असलं तरी. रॉथचं काम केलंय ली स्ट्रासबर्गने, पचिनोचे गुरू ते, अभिनय शिकवणारे. आजारी म्हातारा सोफ्यावर बसून शांतपणे बोलतो आणि समोर शिष्य ऐकून राहिला, तो सीन मात्र कितीही वेळा बघ. त्यामुळे प्लॉट नाही कळला तर सोडून दे, पहिल्यांदा बघताना फक्त एवढं धरून ठेव की रॉथ मायकलला संपवायला बघतो आणि फ्रेडोने दार उघडलं. तेवढ्यावर सिनेमा चालतो.

अभिनयाची तुलना मी करत नाही फारशी. पहिल्यातला व्हिटो ब्रँडोने केला, आणि ब्रँडो आणि डी निरो दोघांनाही एकाच पात्रासाठी ऑस्कर मिळालं, आणि डी निरो जवळजवळ सगळा वेळ सिसिलियन बोलतो, तरी त्यात ब्रँडोची नक्कल कुठे नाही, फक्त आवाजाचा खरखरीतपणा आणि गालावर हात नेण्याची सवय हळूहळू येत जाते. पण मला सगळ्यात जास्त जॉन कझाल लागतो. फ्रेडो. बिचाऱ्याने आयुष्यात पाचच सिनेमे केले, पाचही बेस्ट पिक्चरला नॉमिनेट झाले, आणि 1978 मध्ये गेला. टाहोच्या घरात आरामखुर्चीत मागे रेललेला, नीट उठताही येत नाही अशा अवस्थेत तो मायकलला सांगतो की मी मोठा भाऊ आहे, मला डावललं गेलं, मीही हुशार आहे, लोक म्हणतात तसा नाही. त्या खुर्चीतून तो धड सरळ बसूही शकत नाही आणि हातपाय झाडून बोलून राहिला. मागे खिडकीबाहेर बर्फ.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, ती या सिनेमाशी माझ्या डोक्यात जोडली गेलीये, काही केल्या सुटत नाही. एका घरातली तीन लग्नं मी कापली, मोठ्या मुलाचं, मग मुलीचं, मग धाकट्याचं, मधे दहा-अकरा वर्षं गेली. मोठ्याच्या लग्नात धाकटा अजून शाळेत होता, सगळ्या फुटेजमध्ये तो दादाच्या मागे मागे, वरातीत घोड्याचा लगाम धरायला मागतो तर कोणी देईना, मग दादाच वरून वाकून त्याला लगाम धरू देतो. धाकट्याच्या लग्नापर्यंत जमिनीवरून काहीतरी बिनसलं होतं. मोठा आला होता लग्नाला, एका बाजूला उभा, नवऱ्याला अक्षता टाकून निघून गेला. रफ कट बघायला धाकटा स्वतः आला, शेजारी बसला आणि म्हणाला, भाऊ, दादाचे शॉट काढून टाका. मी म्हटलं सगळे? हो, सगळे. मी काढले, माझं ते कामच आहे. चार शॉट होते. पण काढताना मला त्याच्या शेजारी बसून तो घोड्याचा लगाम दिसून राहिला होता, जो त्याला बहुतेक आठवतही नव्हता, आणि मला तेव्हा कळलं की पार्ट टू कापणाऱ्यांनी काय केलंय. त्यांनी तो लगाम मधे ठेवलाय. मायकल विसरला तरी आपल्याला विसरू देत नाहीत. त्या लग्नाचं रॉ फुटेज मी अजून जपून ठेवलंय, कोणी मागितलं नाही तरी.

शेवटाबद्दल. फ्रेडो होडीत बसून मासे पकडताना प्रार्थना म्हणून राहिला, दुरून गोळीचा आवाज येतो, मायकल खिडकीशी मान खाली घालतो. इथे सिनेमा संपू शकला असता, आणि संपला असता तर तो एका थंड माणसाची गोष्ट होऊन राहिला असता. पण तिथून तो जातो 1941 च्या डिसेंबरमध्ये, जेवणाचं टेबल, बापाचा वाढदिवस. थोरला भाऊ सनी जिवंत आहे, बापाचा जुना साथीदार टेसिओ केक घेऊन येतो, कॉनीचा पुढे होणारा नवरा कार्लो आणि कॉनी यांची ओळख होऊन राहिली. म्हणजे बघ, पुढे या दोन सिनेमांत मारली गेलेली ही माणसं एका टेबलाभोवती हसून राहिली. मायकल सांगतो की मी मरीन्समध्ये भरती झालो. सगळे त्याच्यावर तुटून पडतात. फक्त एकच माणूस पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवतो, अभिनंदन करतो. फ्रेडो. आत्ताच ज्याला मारलं तो. सनी तो हातही झटकून टाकतो.

मग बाप दारात आल्याची चाहूल लागते, सगळे उठून पळतात आणि मायकल टेबलाशी एकटा उरतो. ब्रँडोला या सीनसाठी बोलावलं होतं पण तो आलाच नाही, म्हणून बाप फक्त दाराबाहेर आवाजातून कळतो. एवढं भलं क्वचितच झालं असेल एखाद्या सिनेमाचं. ब्रँडो आत आला असता तर आपण त्याच्याकडे बघत बसलो असतो, आता कॅमेऱ्यापाशी फक्त रिकाम्या खुर्च्या आणि हा पोरगा उरतो. त्यानंतर एक छोटा शॉट, सिसिलीतून निघणारी आगगाडी, व्हिटो तान्ह्या मायकलचा हात धरून खिडकीतून हलवून राहिला, आणि मग टाहोच्या बागेत एकटा बसलेला मायकल. तीन काळ, तीन-चार कट.

तर आता असं कर. आधी पहिला पुन्हा बघ, पण या वेळी लग्नातला फोटो नीट बघ. मग दोन-तीन दिवस जाऊ दे, लगेच लावू नको. पार्ट टू एका दिवसात नाही जमला तर मधे थांब, आम्ही वर्गात दाखवतो तेव्हा फानुचीच्या खुनानंतर थांबतो, व्हिटो घराच्या पायऱ्यांवर येऊन तान्ह्या मायकलला मांडीवर घेतो आणि म्हणतो तुझ्या बापाचं तुझ्यावर फार प्रेम आहे, तिथे. लाइट लावतो, खाली जाऊन तर्री पोहा, चहा, आणि मग परत. परत आल्यावर पहिलं दृश्य येतं बर्फात पडलेल्या अँथनीच्या छोट्या लाल गाडीचं, आणि आत के शिवणाच्या मशीनवर बसलीये, नवरा दारात आलाय, ती मान वर करत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून दे. आणि "मुलगा होता का" आलं की पॉज कर, दहा सेकंद मागे जा, आणि तो जोड आवाज बंद करून एकदा बघ. बघून झाल्यावर मला लिही.